सी-ए-टी पाठ आहे, पण नवा शब्द वाचता येत नाही

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत दुसरीला शिकवणाऱ्या एका तरुण शिक्षिकेने पुढील अडचण मांडली आहे. वर्गातील सगळ्या मुलांना ए पासून झेडपर्यंत अक्षरे येतात आणि पन्नासेक शब्दांची स्पेलिंगे तोंडपाठ आहेत. पण फळ्यावर न शिकवलेला तीन अक्षरी शब्द लिहिला की मुले गप्प होतात किंवा अंदाजाने भलताच शब्द सांगतात. फोनिक्सने, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीने, हे सुधारेल का, सुरुवात कुठून करावी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या एकाच वेळी शिकणाऱ्या मुलांचा त्यामुळे आणखी गोंधळ होईल का, आणि घरी कन्नड बोलणाऱ्या वर्गातील एका मुलाला वेगळे शिकवावे का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

बेळगाव आणि खानापूर या दोन्ही तालुक्यांतील मराठी शाळांत मी सत्तावीस वर्षे पहिली ते तिसरीचे वर्ग सांभाळले. त्यातील पहिली काही वर्षे मीही ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ असेच घोकून घेत होते, त्यामुळे तुमच्या वर्गातील शांतता मला चांगली परिचयाची आहे. मुले वाचत नाहीत याचे कारण त्यांना अक्षरे येत नाहीत हे नसून, त्यांना अक्षरांची नावे येतात आणि आवाज येत नाहीत हे आहे. सी, ए, टी ही तीन नावे कितीही भराभर म्हटली तरी त्यांतून ‘सीएटी’ एवढेच निघते. ‘कॅट’ कधीच निघत नाही. मराठीत हा प्रश्न पडत नाही, कारण ‘क’ या अक्षराचे नाव आणि त्याचा आवाज एकच आहे. इंग्रजीत बी, डी, पी, टी यांच्या नावात आवाज सुरुवातीला येतो. एफ, एल, एम, एन, एस यांच्या नावात तो शेवटी येतो. आणि एच, डब्ल्यू, वाय यांच्या नावाचा तर आवाजाशी काही संबंधच नाही. ‘वाय’ हे नाव ‘व’ने सुरू होते म्हणून ‘व्हॅन’ हा शब्द वाय-ए-एन असा लिहिणारी मुले मी दरवर्षी पाहिली आहेत. त्या मुलांचे कान शाबूत आहेत. आपण दिलेली माहितीच त्यांना चुकीच्या वाटेने नेते.

म्हणून पहिला बदल असा करा की काही महिने वर्गात अक्षराचे नाव घ्यायचेच नाही. एसचे अक्षर दाखवले की ‘स्’ म्हणायचे, एमचे दाखवले की ‘म्’ म्हणायचे. येथे आपल्या भाषेतील एक सोय हाताशी आहे. मुलांना पाय मोडलेले अक्षर माहीत असते किंवा दोन मिनिटांत समजावता येते. इंग्रजी व्यंजनाचा आवाज म्हणजे आपले पाय मोडलेले अक्षर. ‘क’ असा पूर्ण उच्चार केला की त्याला ‘अ’ चिकटून येतो, आणि मग क, ॲ, ट हे तीन आवाज जोडताना मूल ‘कअॅट’ असे काहीतरी म्हणते व पुढे अडते. ‘क्’, ‘ॲ’, ‘ट्’ असे तोडले की जोडणी आपोआप होते. शिक्षकाच्या तोंडूनच जर ‘स’, ‘म’, ‘प’ असे पूर्ण उच्चार येत असतील तर महिनाभराची मेहनत वाया जाते. तेव्हा आधी स्वतः आरशासमोर बसून प्रत्येक व्यंजनाचा पाय मोडण्याचा सराव करावा, असा माझा आग्रह आहे.

जोडणी शिकवताना ज्या आवाजांवर रेंगाळता येते त्यांपासून सुरुवात करावी. ‘स्’, ‘म्’, ‘न्’, ‘ल्’, ‘र्’ हे आवाज श्वास पुरेल तेवढा वेळ लांबवता येतात. ‘प्’, ‘ट्’, ‘क्’ हे येत नाहीत. त्यामुळे ‘सॅट’ किंवा ‘मॅप’ हे शब्द ‘टॅप’ किंवा ‘पॅट’ यांच्याआधी घ्यावेत. एका आवाजावरून दुसऱ्यावर न थांबता घसरत जायचे, मध्ये श्वास तोडायचा नाही. फोनिक्सच्या बहुतेक क्रमांत एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरे पहिल्यांदा घेतात, कारण तेवढ्यांतूनच सॅट, सिट, पिन, टिन, पॅन, टॅप, टिप, सिप, नॅप, अँट असे डझनभर शब्द लगेच तयार होतात आणि मुलाला दुसऱ्याच आठवड्यात आपण वाचतो आहोत असे वाटू लागते. मी त्यांत एम लगेच मिळवते. त्याचे कारण पुढे येईल. बी आणि डी यांच्यात किमान महिन्याचे अंतर ठेवावे. अक्षरे लहान लिपीतीलच शिकवावीत, कारण पुस्तकातील मजकूर जवळजवळ सगळा लहान लिपीत असतो. मोठी अक्षरे तक्त्यावर आणि दुकानांच्या पाट्यांवर मुले तशीही पाहतातच.

आता मुख्य अडचणीकडे येते, आणि ती अडचण आपल्या लिपीच्या स्वभावातून येते. देवनागरी काय किंवा कन्नड काय, दोन्ही लिप्यांत एक अक्षर म्हणजे व्यंजन आणि स्वर मिळून झालेला एक तुकडा असतो. मुलाच्या मनात मोजणी त्या तुकड्यांची असते. मी वर्गात चिंचोके वापरते: शब्द ऐकायचा आणि जितके आवाज ऐकू आले तितके चिंचोके पुढे सरकवायचे. ‘कॅट’ म्हटले की दुसरीतील जवळजवळ प्रत्येक मूल दोनच चिंचोके सरकवते, एक ‘कॅ’साठी आणि एक ‘ट’साठी. त्याचे म्हणणे मराठीच्या हिशेबाने अगदी बरोबर आहे. इंग्रजी लिपीला मात्र तीन चिंचोके हवे असतात. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसते, की अक्षरांची संख्या मोठी असल्यामुळे ती आत्मसात होण्याचे काम पहिलीत संपत नाही, पुढील इयत्तांतही चालू राहते, आणि सुट्या ध्वनींची जाण हळूहळू येते. म्हणून तुमच्या मुलांना ‘कॅट’मध्ये दोनच आवाज ऐकू येतात याचा अर्थ ती मागे आहेत असा घेऊ नये, तो आवाज वेगळा काढायला त्यांना आजवर कोणी सांगितलेले नसते.

एक प्रसंग सविस्तर सांगते. दुसरीतील एका मुलीने वहीत ‘पंप’ हा शब्द पी-पी असा लिहून आणला. तिच्या वडिलांच्या शेतात पंप होता, शब्द रोजच्या बोलण्यातील होता, आणि तिने तो स्वतःच्या मनाने लिहिला होता. मी तिला विचारले, ‘मध्ये काही राहिले का गं?’ तिने मान हलवली आणि बोटाने दाखवत म्हणाली, ‘हा प, आणि हा प. डोक्यावर टिंब द्यायचंय, पण इंग्रजीत टिंब कुठं देतात ते ठाऊक नाही, बाई.’ त्या दोन वाक्यांत सगळा विषय आला होता. मराठीत ‘पंप’ लिहिताना पहिल्या ‘प’मधील ‘अ’साठी कोणतेही चिन्ह लागत नाही, कारण तो ‘प’च्या पोटातच असतो, आणि ‘म्’ हा आवाज एका टिंबात मावतो. तेच टिंब ‘पंप’मध्ये ‘म्’, ‘दंत’मध्ये ‘न्’ आणि ‘रंग’मध्ये तिसराच अनुनासिक असते. इंग्रजी ‘अ’साठी यू आणि ‘म्’साठी एम स्वतंत्रपणे मागते. मी तिच्यापुढे चार चिंचोके ठेवले, ‘प्’ म्हणून पहिला सरकवायला लावला, मग ओठ उघडल्यावर येणारा ‘अ’, मग ओठ मिटून नाकातून येणारा ‘म्’, आणि शेवटी ओठ फटकन उघडून ‘प्’. ‘म्’वर मी तिला नाकावर बोट ठेवायला सांगितले, नाक थरथरले तसे तिला हसू आले आणि तिने पेन्सिल उचलून मधली दोन अक्षरे भरली. त्या दिवसापासून एम हे अक्षर मी पहिल्या पंधरवड्यातच घेऊ लागले, आणि पंप, लॅम्प, कॅम्प, टेन्ट, हॅन्ड अशा टिंबाच्या शब्दांसाठी आठवड्यातील एक पूर्ण तास राखून ठेवू लागले.

याच कारणाने मुले ‘बस’ हा शब्द बी-एस आणि ‘कप’ हा शब्द सी-पी असा लिहितात. यू या अक्षराचे नाव ऐकून ती ‘उ’ची अपेक्षा करतात, तर ‘बस’, ‘कप’, ‘रन’, ‘टब’ या शब्दांत तो आपला साधा ‘अ’ असतो. म्हणून यू शिकवताना मी सांगते, ‘मराठीत जो “अ” अक्षराच्या पोटात लपलेला असतो, त्याला इंग्रजीत बाहेर येऊन उभे राहावे लागते.’ दुसरी ठरलेली चूक म्हणजे ‘पिन’ आय-पी-एन असे लिहिणे. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतो आणि नंतर म्हणतो. इंग्रजीत जो आवाज आधी तेच अक्षर आधी. ही चूक दिसली की रागावू नये, दोन्ही लिप्यांतील ‘पिन’ शेजारी शेजारी लिहून दाखवावी. मूल एकदा पाहते आणि बहुधा पुन्हा चुकत नाही.

सुटे आवाज ऐकण्याची तयारी करून घ्यायला आपल्या मुलांच्या खेळात एक उत्तम साधन आहे, ते म्हणजे ‘च’ची भाषा. ‘नाव काय’ याचे ‘चावन चायक’ करताना मूल ‘ना’मधून ‘न्’ उचलून शेवटी नेते आणि मागे राहिलेल्या ‘आ’ला ‘च्’ जोडते. व्यंजन आणि स्वर वेगळे करण्याचे नेमके हेच काम फोनिक्सला हवे असते. तिसरी-चौथीतील मुलांना ही भाषा सफाईने येते. त्यांतील दोघा-तिघांना दुसरीच्या वर्गात बोलवावे आणि रोज पाच मिनिटे हा खेळ होऊ द्यावा. भेंड्यांचेही तसेच करता येते, फक्त शेवटच्या अक्षराऐवजी शेवटचा आवाज पकडायचा.

तीन लिप्यांमुळे गोंधळ होईल का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की गोंधळ लिप्यांच्या संख्येमुळे होत नाही, त्या एकमेकींशी न जोडता शिकवल्यामुळे होतो. कर्नाटकातील सरकारी शाळांत २००७-०८ पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि आपल्या मराठी शाळांत कन्नडही लहान वयातच येते. हे बदलणे आपल्या हातात नाही. हातात एवढे आहे, की कोणता आवाज कोणत्या भाषेतून उचलायचा हे आपण ठरवावे. स्वरांपुरते मी असे ठरवले आहे. ए या अक्षराचा ‘बॅट’मधील आवाज मराठीतून घ्यावा, कारण ‘ॲ’ आपल्याकडे स्वतंत्रपणे लिहितात. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेतही जागा मिळाली. कन्नडमध्ये हा आवाज ‘या’ जोडून लिहितात, म्हणून बँकेच्या कन्नड पाटीवर मुलांना ‘ब्यांक’ असे दिसते. ओचा ‘पॉट’मधील आवाजही मराठी ‘ऑ’नेच सांगावा, ‘कॉट’ आणि ‘कोट’ यांतील फरक आपली मुले सहज ओळखतात.

ईचा आवाज मात्र कन्नडमधूनच घ्यावा, आणि सीमाभागातील शिक्षकाला मिळालेली ही मोठी अनुकूलता आहे असे मी मानते. मराठीत ‘ए’ एकच आहे, त्यामुळे आपण ‘पेन’ म्हणतो तेव्हा लिहिण्याचे पेन आणि इंग्रजीतील वेदना यांचा उच्चार सारखाच होतो. ‘गेट’ म्हणजे दरवाजा की मिळवणे हेही कळत नाही. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ‘ए’ आहेत आणि त्यांची अक्षरेही वेगळी आहेत. ‘एरडु’ म्हणजे दोन, यातील ‘ए’ तुटक आहे. ‘एळु’ म्हणजे सात, यातील ‘ए’ लांब आहे. पान या अर्थाच्या ‘एले’ शब्दातही तोच तुटक ‘ए’ आहे. मुलांनी कन्नडच्या तासाला अंक म्हटलेले असतात. तेव्हा फळ्यावर ई काढून विचारावे, ‘एरडुमधला ए कसा म्हणतात?’ वर्ग एका सुरात म्हणतो, आणि तोच आवाज ‘पेन’, ‘टेन’, ‘नेट’, ‘बेड’मध्ये घालायला सांगावा. पुण्या-साताऱ्याच्या शिक्षकाला हा आवाज समजावायला बराच वेळ जाईल. आपल्याकडे तो कन्नडच्या तासाला तयार होऊन आलेला असतो. कन्नड शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना आधी विचारून घ्यावे, की हे दोन ‘ए’ त्यांनी घेतले आहेत का, आणि आपला धडा त्यांच्या मागून ठेवावा.

व्ही आणि डब्ल्यू यांबद्दल उच्चाराचा फार हट्ट धरू नये, पण लिहिताना कोणते अक्षर हे कळायला हवे. आपल्या लिहिण्याच्या सवयीतच एक खूण आहे: जेथे आपण ‘व्ह’ लिहितो तेथे बहुधा व्ही असतो, जसे व्हॅन, व्हॉली, आणि जेथे नुसता ‘व’ तेथे डब्ल्यू, जसे वेट, वॉच. एका अक्षराचे दोन आवाज असतात हे मुलांना विचित्र वाटत असेल तर त्यांच्याच तोंडातील ‘चार’ आणि ‘चारा’ हे शब्द म्हणून घ्यावेत. दोन्हीकडे ‘च’ एकच, आवाज दोन. मग सीचा कधी ‘क्’ आणि कधी ‘स्’ होतो हे त्यांना खटकत नाही.

शब्द निवडताना मुलांनी कधी न ऐकलेले शब्द घेऊ नयेत. आवाज जोडून शब्द तयार झाला आणि त्याचा अर्थच माहीत नसला, तर वाचल्याचा आनंद मिळत नाही. मराठीत रुळलेले इंग्रजी शब्द भरपूर आहेत: बस, बॅग, कप, पिन, टब, बेल, पंप, आणि क्रिकेटमधील बॅट, रन, हिट. जांबोटीसारख्या आडगावाकडील मुलालाही हे शब्द ऐकून माहीत असतात. पहिले तीन महिने एवढ्यांवरच काढावेत. ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’ यांसारखे आवाजाच्या नियमात न बसणारे शब्द पाहून लक्षात ठेवावे लागतात, पण आठवड्याला दोनपेक्षा जास्त नकोत. शेवटचा मुका ई, शिवाय एस-एच, सी-एच, डबल ओ या जोड्या तिसरीत आरामात होतात. इंग्रजीत २६ अक्षरांत सुमारे ४४ ध्वनी बसवलेले आहेत, तेव्हा त्यासाठी घाई करून उपयोग नाही.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी: इंग्रजी शब्दाखाली मुलांना मराठीत उच्चार लिहू देऊ नये. पालकांना ते उपयोगी वाटते, पण मुलाची नजर खालच्या देवनागरीवर स्थिर होते आणि वरचा शब्द नुसते चित्र बनतो. पाय मोडलेली अक्षरे शिक्षकाने फळ्यावर लिहावीत आणि लगेच पुसावीत. पालक ‘ए बी सी डी अजून पूर्ण झाली नाही’ अशी तक्रार करतील. त्यांना सभेत बोलावून मुलाकडून न शिकवलेले पाच शब्द वाचून दाखवावेत, एवढे पुरते.

खरोखर वाचता येते की शब्द पाठ झाला आहे हे तपासायला खोटे शब्द वापरावेत. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांची ४० शब्दांची वाचनचाचणी घेतात, आणि त्यांतील निम्मे शब्द मुद्दाम बनवलेले, अर्थ नसलेले असतात. मी ‘मिप’, ‘टॅम’, ‘पेस’ असे दहा शब्द महिन्यातून एकदा देते आणि ते खोटे आहेत हे मुलांना आधी सांगते. पाठांतरावर चालणारे मूल ‘टॅम’ला ‘टॅप’ म्हणते आणि लगेच सापडते. नली-कली या कर्नाटकातील कृतीतून शिकवण्याच्या पद्धतीच्या वर्गात प्रत्येक मूल आपापल्या पायरीवर असते, त्यामुळे अशी चाचणीही एकेकट्याने घेणे तेथे सोपे जाते. याच वेळी मराठीही तपासावी. जे मूल ‘कमळ’, ‘मगर’ असे बिनकान्याचे शब्द अजून अडखळत वाचते, त्याला इंग्रजीचे आवाज फक्त तोंडी द्यावेत आणि अक्षरांचा वेळ मराठीला द्यावा. रोजची वीस मिनिटे इंग्रजीला पुष्कळ झाली.

राहिला तुमच्या वर्गातील घरी कन्नड बोलणारा मुलगा. त्याला वेगळे बसवू नये. ‘एरडु’मधील ‘ए’ त्याच्या तोंडात जन्मापासून आहे, तो इतरांनी तासाला शिकलेला आहे; ईच्या धड्याच्या दिवशी त्यालाच फळ्यासमोर उभे करावे आणि तो म्हणेल तसे वर्गाने म्हणावे. अडचण त्याला ‘ॲ’ची येईल, तो ‘ब्याट’ म्हणेल. तेव्हा त्याच्या शेजारी बसणाऱ्या मराठी मुलाने ‘बॅट’ म्हणत जबडा खाली सोडून दाखवावा, आणि त्याने हनुवटीखाली हात धरून पाहावा की आपली हनुवटी तितकी खाली जाते का. माझ्या वर्गातील अशा दोन मुलांना एवढ्याने आठवडाभरात हा आवाज बसला.